एक परस वर

हनुवटी टेकवा

"ताई, मशीन राहू द्या," मजीदभाई स्टुलावर बसता बसता म्हणाले. "नुसता नंबर वाढवून द्या. जुना चष्मा उतरला."

"मशीनशिवाय नंबर कसा देऊ?"

"देताल तुम्ही. तुमच्या वडलांची हीर माझ्या हातात हाय."

रांगेतले लोक हसले. एक मे होता. झेंडावंदन उरकलं होतं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये मी डोळे तपासणीचं शिबिर लावलं होतं. मी स्वरदा. एका खाजगी नेत्रालयात ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांकडे जाण्याआधी जी मुलगी "खालची ओळ वाचा" म्हणते, ती.

साल २०१६. कागदावर शहर अजून औरंगाबाद होतं. बीड बायपास ओलांडला की सातारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत शेतांचे प्लॉट पडत चालले होते. प्लॉटांवर घरं झाली, घरांवर काळ्या टाक्या बसल्या. टाक्यांत टाकायला पाणी नव्हतं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या. आमच्या लेआउटच्या कोपऱ्यात जुन्या मालकाची शेतातली विहीर तशीच राहून गेली होती. दहा परस खोल, कोरडी. परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस. इकडे विहीर अजून माणसांतच मोजतात. माझे वडील श्रीनिवासराव सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी ठराव करून घेतला: आणखी चार परस खाली जायचं. त्यासाठी सिल्लोडहून यारी आणली. लोखंडी सांगाडा, डिझेल इंजिन, तारेचा दोर, दोराच्या टोकाला लोखंडी टोपलं. खाली दगड फोडायचे, टोपल्यातून वर काढायचे. खाली रामकिसन आणि कडूबा. वर लिव्हरवर मजीदभाई, बावीस वर्षांपासून.

या कामात एक रीत आहे. रिकामं टोपलं थेट तळाला सोडत नाहीत. तळापासून एक परस वर थांबवतात. खालचा माणूस हात वर करतो, टोपल्याची कड धरतो, जिथं हवं तिथं ओढून घेतो आणि शिटी वाजवतो. मग वरचा माणूस उरलेला एक परस सोडतो. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, शिटी जाते; एक म्हणजे सोड, लागोपाठ म्हणजे थांब. दोरावर खूण नसते. तळ रोज खाली जातो, दगडाचा ढीग रोज वेगळा असतो. वरचा माणूस बघतो आणि थांबवतो. बस.

"काय होतंय नेमकं?" मी विचारलं.

त्यांनी मागं वळून पाहिलं. रांगेत तिसरा रामकिसन उभा होता. मजीदभाईंनी आवाज खाली आणला.

"टोपलं ठरत नाय."

रामकिसनला ते ऐकू गेलंच. "परवा तीन परस वर थांबवलं, ताई! म्या हात वर करून हुभा. म्हनलं मजीदभाई, म्या काय ताडाचं झाड हाय व्हय?"

"आन काल?" मागून कडूबा.

"काल लईच खाली आलं. माझ्या पागोट्याचा मुका घेतला."

सगळे हसले. मजीदभाईही हसले. "ब्रेक ढिला हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी हनुवटी टेकवली.

उजवा डोळा झाका

"कोणतीही अक्षरं वाचा."

"लाइट गेली का?"

हॉलमध्ये चार ट्यूबलाइट चालू होत्या. पंखा फिरत होता. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू होतं. मी त्यांच्या उजव्या डोळ्यावरून माझा तळहात काढला.

"आली," ते म्हणाले.

मी पुन्हा झाकला.

त्यांनी मान वर करून ट्यूबलाइट शोधली. मी डाव्या बाहुलीवर टॉर्च मारला. बाहुली आवळायला हवी होती. ती तशीच राहिली, दार उघडं टाकून घरातली माणसं निघून जावीत तशी.

"चाचा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. हे लोकांना पटत नाही, पण रोज एक तरी असा येतो. डोळा जाताना अंधार होत नाही. जेवढं दिसेनासं होतं तेवढं मेंदू आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. पोपडे उडालेल्या भिंतीवर शेजारचाच चुना ओढावा तसं. दुसरा डोळा चांगला असला की तक्रारच नसते. माणूस टीव्ही बघतो, पेपर वाचतो, मोटारसायकल चालवतो. आणि एक दिवस चहा बशीच्या बाहेर ओततो.

दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या डॉक्टरांसमोर बसवलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस वाळून गेली होती. ती परत येत नाही. उजव्या डोळ्यालाही सुरुवात झाली होती. थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

"मग नंबर?" मजीदभाईंनी विचारलं.

डॉक्टर त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना नीट समजावून सांग."

एक बोट नाकासमोर धरा

मी त्यांना जे सांगितलं ते इथं सांगते. तुम्हीही करून बघा, मी त्यांच्याकडूनही करून घेतलं होतं. त्यांच्यावर ते चाललं नाही.

एक बोट नाकासमोर हातभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटा. बोट भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एखाद्या तारखेवर आलेलं दिसेल. बोट न हलवता डोळे बदला. बोट दुसऱ्या तारखेवर गेलं. दोन डोळ्यांमध्ये अडीच इंचांचं अंतर आहे म्हणून दोघांना दोन वेगळी चित्रं दिसतात. दोन्ही सपाट. फोटोसारखी. डोक्याच्या मागच्या भागात, जिथं न्हावी मान खाली दाबतो त्याच्या थोडं वर, या दोन चित्रांची गाठ पडते. तिथल्या पेशी बाकी काही बघत नाहीत. बोट किती सरकलं, एवढंच बघतात. जास्त सरकलं म्हणजे जवळ. कमी सरकलं म्हणजे लांब. दोन चित्रं जुळत नाहीत, त्या न जुळण्यातून मेंदू खोली काढतो.

आता डोळे बदला.

मजीदभाईंनी बदलले. उजवा मिटला.

"बोटच नाय," ते म्हणाले.

"म्हणून टोपलं ठरत नाही. वरून खाली बघता तेव्हा तुमच्याकडे एकच चित्र आहे. त्यात टोपलंही आहे आणि तळही. पण दोघांच्या मधे किती जागा आहे ते त्या चित्रात नाही."

ते बराच वेळ बोट नाकासमोर धरून बसले.

"पर मला तर दिसतं," ते म्हणाले. "खोल दिसतं. हीर सपाट नाय दिसत."

हा प्रश्न हुशार होता. आणि मला त्याचं उत्तर येत होतं. उत्तर आलं नसतं तर बरं झालं असतं.

काय दिसतं, सांगा

"एका डोळ्यानंही मेंदू अंदाज बांधतो," मी म्हणाले. "जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते. लांबचा माणूस लहान दिसतो. मान डावी-उजवी हलवली तर जवळचं झरझर सरकतं, लांबचं हळू. आणि सावली."

"सावली?"

"टोपलं वर असतं तेव्हा त्याची सावली लांब पडते. खाली येईल तसं टोपलं आणि सावली एकमेकांकडे येतात. टेकलं की चिकटतात."

त्यांनी चष्मा काढला, कुर्त्याला पुसला, पुन्हा घातला.

"म्हंजे सावली टोपल्यापास्नं एक परस असली, तवा थांबायचं."

"तसं नाही म्हणत मी. मी म्हणते हे काम सोडा. निदान विहिरीच्या काठावर एक माणूस उभा करा, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सोडा."

"आन त्याला काय सांगू? का हुभा केला?"

"खरं सांगा."

"ताई." ते हसले. "यारीवाल्याचा एक डोळा गेला हे सिल्लोडच्या बाजारात कळलं, तर माझ्या टोपल्याखाली कोण हुभं राहील? रामकिसन तरी राहील का? बावीस साल झाले त्याला माझ्याखाली. त्यानं वर बघितलंच नाय कधी. मी हाय म्हणून."

"दोराला रंगाची खूण करा मग."

"रोज? तळ रोज खाली जातो. रोज रंग लावला की रोज इचारणार. आन दोराला ग्रीस असतं, रंग कुठं टिकतो?" मग एकदम, लहान मुलाला दटावावं तसं: "तुम्ही कोणाला बोलणार नाय."

"चाचा..."

"चार परस. तेवढी हीर होऊ द्या. मग मी लिव्हर सोडतो. अल्ला कसम."

मी गप्प राहिले. पुढे काही वर्षं स्वतःला सांगत आले की मी हो म्हटलं नव्हतं.

घरी गेले तेव्हा माझी आई, शैला, पालक धूत होती. एका घमेल्यात. त्याच पाण्यात नंतर फडकं बुचकळून तिनं ओटा पुसला, आणि मग ते पाणी संडासाच्या बादलीत ओतलं. बाबा आत कुणाला तरी फोनवर सांगत होते, "साडेदहा परस! ओल लागलीय म्हणे, ओल! वीस तारखेपर्यंत पाणी!"

मी हातपाय न धुता झोपायला गेले.

अकरा ते दोन

विहीर अरुंद, विहीर खोल. तळाला ऊन कधी लागतं? सूर्य डोक्यावर आला की. आमच्याकडे मेमध्ये भर दुपारी तो अगदी माथ्यावर असतो. अकराच्या सुमाराला उन्हाची चकती भिंतीवरून खाली सरकत तळाला टेकायची आणि दोननंतर समोरच्या भिंतीवर चढून निघून जायची.

मजीदभाईंनी कामाची वेळ बदलली. सकाळभर नुसतं फोडायचं. दगड काढायचा तो अकरा ते दोन. ज्या वेळेला कुत्रीसुद्धा टँकरच्या सावलीत झोपतात, त्या वेळेला यारीचं इंजिन धडधडायला लागायचं.

"मजीदभाईनं पंचांग काढलंय," कडूबा वर आल्यावर म्हणाला. अंगावर दगडाची पांढरी भुकटी, डोळे तेवढे काळे. "उन्हाचा मुहूर्त हाय म्हणं."

"अरे, यानं रोजा धरलाय उन्हाचा," रामकिसन. "आपल्याला पन धरायला लावतो. मजीदभाई, सकाळच्याला काय टोपल्याला झोप येती व्हय?"

"इंजिन गार असलं की ओढत नाय," मजीदभाई म्हणाले.

"बावीस सालात आज कळलं का तुमाला?"

"आज कळलं."

टोपलं मात्र ठरायला लागलं. मी एका दुपारी सुट्टी टाकून मुद्दाम बघायला गेले. मजीदभाई मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे करत होते, कोंबडा दाणा टिपण्याआधी करतो तशी. टोपलं खाली चाललं होतं. तळाच्या उजेडात त्याची काळी सावली. दोघं जवळ आली, जवळ आली. थांबलं. खाली रामकिसननं वर न बघताच हात वर केला आणि कड त्याच्या मुठीत आली. शिटी.

मजीदभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मला ते ऐकवण्यासाठीच इंजिनच्या आवाजाच्या वरताण ओरडले, "बराब्बर!"

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. शाळेत माझ्या मॉडेलला पहिला नंबर आला होता तसा.

साडेअकरा परस. बारा. बारा परसांवर मांजऱ्या, म्हणजे मऊ दगड, संपून काळा कातळ लागला. ओल म्हणत होते ती तिथंच संपली. बाबा म्हणाले, कातळाखालीच पाणी असतं.

वर बघा

मे महिन्यातला चौथा रविवार. मी घरीच. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला गेले होते.

विहीर आमच्या घरापासून नऊ घरं पलीकडे. गच्चीवरून यारीचा सांगाडा आणि काठावर उभे असलेले लोक दिसायचे. बाबांची पांढरी टोपी दिसायची. साडेबारा झाले असतील. इंजिन चालू होतं.

सातारा डोंगर नेहमी दुपारी पिवळा असतो. तो मला अर्धा करडा दिसला.

मी वर बघितलं नाही. खाली बघितलं. डोंगराच्या उतारावरून सावली खाली येत होती. चालत्या माणसापेक्षा जोरात, सायकलपेक्षा हळू. ती डांबरी रस्त्यावर आली. मोकळ्या प्लॉटांवर आली. अर्धवट बांधलेल्या अपार्टमेंटचा एक मजला काळा झाला, मग दुसरा.

मला कळलं.

कुणी मला विचारलं तर मी अजून सांगू शकते, की त्या क्षणी सावली विहिरीपासून सतरा घरं लांब होती. मी मोजली. धावण्याऐवजी मी मोजली. मग ओरडले. "बाबा! थांबवा! इंजिन थांबवा!" हातातला टॉवेल हलवला. बाबांनी मला बघितलं. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं. मग त्यांनीही टोपी काढून आनंदानं हलवली.

काठावरचे सगळे वर बघायला लागले. कुणी शिटी मारली. कुणी हात पसरले. पाच महिन्यांतलं पहिलं आभाळ.

मी जिन्यात होते तेव्हा घरातला उजेड गेला.

डावा

(बाबांनी पोलिसांना दिलेला जबाब. मी लिहून दिला, त्यांनी सही केली.)

दुपारी साडेबाराच्या सुमारास मी विहिरीच्या काठावर हजर होतो. रिकामे टोपले खाली सोडण्याचे काम चालू होते. अचानक यारीचा ब्रेक निसटल्याने टोपले वेगाने खाली गेले व तळाशी उभा असलेला कामगार रामकिसन याच्या पाठीवर पडले. यारीचालक मजीद हा अनुभवी असून त्याने टोपले थांबवण्याचा पुरेपूर प्रयत्न केला. ब्रेक ढिला असल्याची तक्रार त्याने पूर्वी बोलून दाखवली होती. यात कोणाचाही निष्काळजीपणा नाही.

उजवा

दुपारी साडेबाराच्या सुमारास मी विहिरीच्या काठावर नव्हते. पाच घरं अलीकडे होते, धावत. टोपलं वेगानं गेलं नाही. कडूबानं नंतर सांगितलं, ते हळू येत होतं, रोजच्यासारखं. वर उजेड गेला तसं थबकलं. चांगलं दोन परस वर. मग पुन्हा सुटलं, वीतभर. थांबलं. पुन्हा वीतभर. आंधळा जिना उतरतो तसं. रामकिसननं हात वर केला होता. कड हाताला लागली, पण त्यानं नेहमीसारखी शिटी वाजवायच्या आत ते पुढं आलं, त्याला दगडाच्या ढिगावर वाकवत. त्यानं लागोपाठ शिटी वाजवली, थांब म्हणून. कडूबानं वाजवली. दोघांनी मिळून वाजवली. वर लोक आभाळाला शिट्या मारत होते.

मजीदभाई विहिरीत बघत होते. सगळ्या काठावर तेवढे एकटेच खाली बघत होते.

मी पोचले तेव्हा ते म्हणत होते, "अजून हाय. अजून एक परस हाय." त्यांचा हात लिव्हरवर होता. दोर सैल पडला होता.

पाऊस आला नाही. पाचेक मिनिटांत आभाळ चिकलठाण्याकडे सरकलं आणि तळाला पुन्हा लख्ख ऊन पडलं.

पाय हलवून दाखवा

घाटीच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात रामकिसन उताणा. कमरेखाली चादर, चादरीखाली काही हालत नव्हतं. त्याची बायको चतुराबाई एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं त्याला वारा घालत होती.

"ह्या डाक्टरीनबाई," त्यानं मला दाखवून सांगितलं. "अध्यक्षसायबाची लेक. मजीदभाईला चष्मा हिनंच दिला."

"बसा, ताई," चतुराबाई म्हणाली. बसायला काही नव्हतं.

"मजीदभाई कुठंय?" रामकिसननं विचारलं. "आठ दिस झाले. तोंड दाखवंना. त्याला म्हनाव, मेलो नाय म्या."

मजीदभाई बाहेर होते. वॉर्डाच्या दारापाशी, भिंतीला पाठ लावून उकिडवे. मी आत येताना त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं आणि सोडलं होतं.

"ताई, एक इचारू?" रामकिसन म्हणाला. त्याची नजर छतावर होती. "लोक कायबाय बोलतेत. कडूबा पन गुळमुळीत बोलतो. तुमी शिकलेल्या. बिरेकच होता ना?"

चतुराबाईचं पाकीट थांबलं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तेवढ्यात पाणी मागितलं, पिऊन झालं, पेला खाली ठेवला.

"ब्रेकच होता," मी म्हणाले.

"हां," रामकिसन म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "म्या म्हनलंच. मजीदभाईच्या हातून हुयाचं नाय. नवा बिरेक टाका म्हनाव. आन त्यालाच बसवा पुन्हा. दुसरा कोन बसला तर हा कडूबा खाली उतरायचा नाय. व्हय का नाय रं?"

कडूबा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हय."

बाहेर आले तेव्हा मजीदभाई उभे राहिले. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सांगायला पायजे होतं," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा मग. आत जा आणि सांगा."

ते आत गेले नाहीत. आम्ही दोघं दारात तसेच, कोण आधी हलतं याची वाट बघत. शेवटी वॉर्डबॉयनं दोघांनाही बाजूला व्हायला सांगितलं. त्याला ट्रॉली न्यायची होती.

विहीर

देवगाव रंगारीहून दुसरी यारी आली. पंधरा परसांपर्यंत गेली. कातळ. आडवी बोअर मारली, तीही कोरडी. पुढच्या वर्षी सोसायटीनं तोंडावर स्लॅब टाकला. आता तिथं चार गाड्या उभ्या राहतात, एक आमची.

दिवा दिसला की बटण दाबा

जुलै. मजीदभाई नेत्रालयात आले. धुतलेला कुर्ता, केसांना तेल.

"कागद पायजे," ते म्हणाले. "नवा ठेकेदार भेटलाय. तो म्हणतो, लोक बोलतात, तर दवाखान्याचा कागद आण. नजर ठीक हाय असा. मग लिव्हर देतो."

"चाचा, तुम्हाला माहितीय."

"डावा नाय, माहितीय. उजवा तपासा. उजव्यावर बसेन. काठावर माणूस हुभा करीन, तुम्ही म्हणाल तसं." ते थांबले. "रामकिसनच्या घरात आता कोणी कामाला जाणारं नाय. तो मलाच म्हणतो, कामाला लाग. रोज फोन करतो. मी त्याला काय सांगू, का नाय लागत?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "उजव्याची फील्ड काढ. काय येईल ते लिहू."

फील्ड म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी; तिची खोली अंधारी असते. माणसासमोर एक पांढरा घुमट येतो, मोठ्या कढईसारखा. हातात बटण देतात. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची. घुमटात कुठंतरी बारीक दिवा लागतो, कधी ठळक, कधी अगदी अंधुक. दिसला की बटण दाबायचं. नाही दिसला तर दाबायचं नाही. सहा-सात मिनिटं लागतात. न दिसणंही चालतं, उलट ते कळण्यासाठीच हे सगळं असतं. मी हे सगळ्यांना सांगते. त्यांनाही सांगितलं.

"समजलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली. बांधताना दोघांनाही माहीत होतं की तिची गरज नाही.

मशीन सुरू केलं. पडद्यावर मला दिसतं, दिवा कुठं लागला आणि बटण कधी दाबलं. पहिला दिवा, बटण. दुसरा, बटण. वरच्या कोपऱ्यात एक लागला, त्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं, तिथली नस गेली होती. बटण. मधेमधे हे मशीन दिवा लावतच नाही, नुसता टक असा आवाज करतं, माणूस खरं सांगतो का ते बघायला.

टक. बटण.

टक. बटण.

"चाचा," मी म्हणाले, "दिसला तरच दाबा."

"दिसतोय."

दोनदा थांबवलं. दोनदा पुन्हा सुरू केलं. पडद्याच्या खालच्या बाजूला लाल अक्षरं आली: चाचणी विश्वासार्ह नाही. डॉक्टरांना तेच लिहावं लागणार होतं. त्यापेक्षा वेगळं लिहिण्याचं माझ्या हातात काही नव्हतं आणि असतं तर मी काय केलं असतं, याचा मला भरवसा नाही.

मशीन आपोआप थांबलं. घुमटातला उजेड गेला. मी खिडकीचे पडदे उघडायला उठले.

अंधारात बटणाचा आवाज येत होता.

"झालं, चाचा. संपलं."

त्यांनी हनुवटी काढली नाही. कपाळ मशीनच्या पट्टीला घट्ट लावलेलं होतं, उघडा डोळा त्या रिकाम्या घुमटात, आणि अंगठा दाबत होता. थोडं थांबून, नीट अंदाज घेऊन, पुन्हा दाबत होता.